चढणाऱ्याचा मान

कुंभार्ली घाटात एका भरलेल्या ट्रकला मी अडवले होते, त्याला आता बरीच वर्षे झाली. पण त्या क्लचप्लेटचा जळका वास अजून नाकातून गेलेला नाही. माहेर कराडला आणि नोकरी चिपळूणला असल्यामुळे गुहागर-विजापूर रस्त्याचा हा तुकडा मला पाठ आहे, असा तेव्हा माझा समज होता. श्रावणातली दुपार होती. हेळवाक मागे टाकून मी पोफळीच्या बाजूला उतरत होते आणि एका वळणाच्या पुढे दरडीची माती रस्त्यावर येऊन जेमतेम एक गाडी जाईल एवढीच वाट उरली होती. खालून जांभ्या चिऱ्याने भरलेला दहा चाकी ट्रक कण्हत येताना दिसला. त्या अरुंद जागेपाशी मी आधी पोहोचणार हे उघड होते, म्हणजे आधी जाण्याचा हक्कही माझाच, असा सरळ हिशेब करून मी गाडी आत घातली. ट्रकला थांबावे लागले. किन्नर, म्हणजे ट्रकवरचा क्लीनर, खाली उडी मारून उतरला आणि त्याने मागच्या चाकाखाली दगड सरकवला. एवढे सगळे झाल्यावर माझ्या लक्षात आले की ट्रक मागे जाणे शक्य नाही आणि माझी गाडी पुढे जाणे शक्य नाही; तेव्हा वीस-पंचवीस हात मलाच मागे चढावे लागले, तेही किन्नरच्या "येऊ द्या, येऊ द्या"च्या तालावर.

मग तो ट्रक उचलला गेला. 'सुरू झाला' असे मी म्हणत नाही, कारण इंजिन चालूच होते. पण उभ्या चढावर थांबलेले ते धूड पुन्हा हलवण्यासाठी ड्रायव्हरने जे काही केले त्याला उचलणे हाच शब्द शोभतो. दोनदा तो वीतभर मागे आला आणि दगडावर टेकला, तिसऱ्यांदा सगळी गाडी थरथरली, तो जळका वास आला आणि चाके पुढे सरकली. माणसाच्या चालीने माझ्या खिडकीजवळून जाताना ड्रायव्हरने खाली पाहिले. शिव्यांची मी तयारी ठेवली होती. तो एवढेच म्हणाला, "ताई, तुम्हाला नुसता ब्रेक दाबायचा होता. मला परत पहिल्यापासनं चढायचं आलं."

घाटात चढणाऱ्या गाडीला मान द्यायचा, उतरणाऱ्याने कडेला थांबायचे, हे रस्त्याच्या नियमांत १९८९ सालापासून लिहिलेले आहे. मी गाडी चालवण्याचा परवाना काढला तेव्हा हा नियम वाचला असणारच, कारण परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण होते. परंतु वाचलेला नियम आणि नाकात शिरलेला नियम यांत फरक असतो. तीन आसांच्या दहा चाकी ट्रकला मालासकट साडेअठ्ठावीस टनांपर्यंत वजनाची परवानगी आहे. माझी गाडी माणसांसकट एक टनाच्या आसपास भरते. मी थांबले असते तर माझे पाच सेकंद गेले असते. तो थांबला तेव्हा त्याचा चढावरचा सगळा दम गेला, क्लचप्लेटचे आयुष्य घटले आणि डिझेल जळले ते वेगळेच. आमच्या आळीत एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर राहतात, त्यांना सगळे काका म्हणतात. हा प्रसंग मी त्यांना सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. "ओझं ज्याचं जड, त्याला वाट द्यायची. डोक्यावर हंडा घेतलेली बाई समोरून आली तर आपण बाजूला होतोच की," असे म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

त्या दिवसापासून मी ट्रककडे लक्ष देऊन पाहू लागले आणि मला दिसले की आपण ज्याला त्यांचा आडमुठेपणा म्हणतो त्यातला काही भाग आडमुठेपणाच आहे आणि काही भाग निव्वळ गणित आहे. मी गणित शिकवते, म्हणून एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाटात एक ट्रक दुसऱ्याला मागे टाकत असतो आणि मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असते, हे दृश्य प्रत्येकाने पाहिले असेल. समजा, पुढचा ट्रक ताशी २० किलोमीटरने चढतो आहे आणि मागचा २२ने. दोन्ही ट्रकांची लांबी आणि आगेमागे सोडायचे अंतर धरले तर मागच्याला साधारण ४० मीटर जास्तीचे कापायचे आहेत. ताशी २ किलोमीटरच्या फरकाने त्याला ७२ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात सुमारे ४४० मीटर रस्ता दोघे मिळून अडवून ठेवतात. पण पुढच्याने पाय किंचित उचलून वेग १६वर आणला तर हेच काम २४ सेकंदांत, दीडशे मीटरच्या आत उरकते. म्हणजे सगळी किल्ली पुढच्याच्या हातात, खरे तर पायात आहे. मात्र पाय उचलला की त्याला एक गिअर खाली यावे लागते, आणि वळण संपेपर्यंत गाडी तिथेच रखडते. तरीही पाय उचलणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. आपल्याला ते दिसत नाहीत, कारण त्यांच्यामुळे रांग लागत नाही आणि जी रांग लागलीच नाही तिच्याबद्दल कोण बोलणार?

वाट देण्याची त्यांची भाषा मात्र शिकावी लागते आणि ती चुकीची शिकली तर जिवावर बेतते. पुढच्या ट्रकने उजवा दिवा लुकलुकवला तर तो स्वतः उजवीकडे वळणार आहे, की समोरून गाडी येते आहे म्हणून मागच्याला थांब म्हणतो आहे, की उजवीकडून खुशाल जा म्हणतो आहे? हे तिन्ही अर्थ मला एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी भेटलेले आहेत. त्यामुळे दिव्यावर माझा विश्वास नाही, हातावर आहे. जुने ड्रायव्हर उजवा हात बाहेर आडवा काढून मागून पुढे असा झुलवतात, तेव्हा त्यांनी समोरचा रस्ता मोकळा असल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. हा हात १९८९च्या नियमांतही लिहिलेला होता, फार थोड्यांना ते ठाऊक असते. पुढच्या ट्रकमुळे मला रस्ता दिसत नाही, म्हणून तो आपले डोळे मला घटकाभर उसने देतो. मी पुढे गेल्यावर हॉर्नची एक छोटी टिचकी मारते, तो एक टिचकी परत देतो, आणि आमचा व्यवहार संपतो.

हॉर्नचा विषय निघालाच आहे तर सांगते. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ साली मनाई केली, कारण त्या अक्षरांमुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. हॉर्न वाजवणारे वाचून वाजवतात, हा त्यामागचा विश्वास मला हृद्य वाटतो. 'यूज डिपर ॲट नाइट' या ओळीवर मात्र कुणी हात घातला नाही हे बरे झाले. रात्री पाटणच्या पुढे समोरून येणारा ट्रक बहुधा दिवे खाली करतो. पांढऱ्याशुभ्र दिव्यांनी डोळे दिपवणारी गाडी बहुधा माझ्यासारख्याच कुणा नोकरदाराची असते.

काकांच्या धंद्याचे कौतुक करायला मी बसलेले नाही. मागचा एकही दिवा लागत नसलेला, ऊस नाहीतर सळ्या बाहेर लोंबणारा ट्रक रात्री रस्त्यातच उभा करून झोपी जाणारे ड्रायव्हर आहेत, आणि चार पैशांचे डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे आहेत. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा धडा किन्नर असल्यापासून त्यांनी ऐकलेला असतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणावर ब्रेक लागत नाही. काका अशांना ड्रायव्हर म्हणतच नाहीत, "स्टेअरिंग धरणारे" म्हणतात. पण हेही काकाच सांगतात की मुक्कामाला वेळेत पोहोचला नाहीस तर भाडे कापीन, असे बजावणारा माणूस त्या केबिनमध्ये कधी दिसत नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा घालणारा १९६१चा कायदा २०२५पर्यंत होता. तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होत असे, आणि एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून अलगद निसटत असे. वीस तास जागलेल्या माणसाकडून सौजन्याची अपेक्षा करायची म्हणजे आधी त्याने झोपायला हवे.

रस्त्यातल्या दगडांवरून मात्र मी कुणाचेही काही ऐकून घेत नाही. गाडी बिघडली की मागे ओळीने दगड मांडायचे, एखादी फांदी रोवायची, हा खेड्यापाड्यांतला जुना इशारा आहे. दुरुस्ती झाली की गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. माझ्या मावसभावाची मोटारसायकल रात्री अशाच एका दगडावर चढली. त्याचे मनगट सांधले, पण पावसाळ्यात अजून दुखते.

म्हणून गेल्या कार्तिकात हेळवाकला चहा पिताना जे पाहिले ते मी बाकावरून न उठता शेवटपर्यंत पाहिले. टपरीसमोर एका ट्रकचे मागचे टायर बदलून होत आले होते. जॅक निघाला, पाना हत्यारांच्या पेटीत गेला, किन्नर केबिनकडे निघाला. ड्रायव्हरने मागे वळून रस्त्याकडे बोट दाखवले. तीस-चाळीस पावलांपर्यंत मांडलेले नऊ दगड होते.

"ऱ्हाऊ द्या की उस्ताद, अंधार पडला," पोरगा म्हणाला.

"अंधार पडला म्हणूनच," असे म्हणत ड्रायव्हर स्वतःच शेवटच्या दगडाकडे चालू लागला. मग पोरगाही आला. दोघांनी मिळून एकेक दगड उचलून कठड्याच्या पायथ्याशी नेऊन ठेवला. मधले दोन मोठे होते, ते त्याने पायाने न ढकलता वाकून उचलले. रोवलेली निरगुडीची फांदी तेवढी राहिली होती. पोराने ती उपटली, झाडूसारखी दोनदा फिरवून खडीचा चुरा कडेला लोटला, फांदी गटारापलीकडे टाकली आणि हात फाळक्याला पुसत तो केबिनमध्ये चढला. खालून घाट चढून एक भरलेला ट्रक येत होता. टायर बदललेला ट्रक पोफळीकडेच निघाला होता, पण त्याने इंजिन चालू ठेवून, दिवे खाली करून, तो वर येईपर्यंत वाट पाहिली.