वहीतला एकोणिसावा ठिपका

वेल्ह्याजवळ एका ओळखीच्यांच्या शेतात आम्ही सलग दोन रात्री मुक्काम केला, तो दहाव्या प्रतीच्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका मंद ठिपक्यासाठी. त्याचं नाव ६७ आशिया, हा एक लघुग्रह. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, लाल कागद लावलेली विजेरी आणि मांडीवर वही. कर्क राशीतला तेवढा तुकडा मी ताऱ्यांसकट उतरवून काढला. एकोणीस ठिपके झाले. त्यातला लघुग्रह कोणता, हे नुसतं बघून ओळखता येत नाही, सगळे सारखेच दिसतात.

"मावशी, मग यातला तो कुठला?" भाच्यानं विचारलं.

"उद्या सांगते."

दुसऱ्या रात्री अठरा ठिपके जागच्या जागी होते. एकोणिसावा पश्चिमेला सरकला होता, पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण निम्म्या रुंदीइतका. पश्चिमेला, कारण तो वक्री होता, म्हणजे ताऱ्यांमधून उलटा जाताना दिसत होता. आतल्या कक्षेतून वेगानं जाणारी आपली पृथ्वी त्याला मागे टाकत होती. पंचांगात 'वक्री' लहानपणापासून वाचत आले, पण स्वतःच्या पेन्सिलीनं वहीत उमटलेलं पहिल्यांदाच पाहिलं. बराच वेळ मला बोलवेना.

नॉर्मन पॉग्सन मद्रासच्या वेधशाळेत हेच करत होता. १८६१च्या फेब्रुवारीत तो इंग्लंडहून तिथे पोचला आणि १७ एप्रिलला त्याला हा सापडला. लघुग्रह शोधायला फोटोच्या काचा अजून आल्या नव्हत्या, सारी भिस्त नकाशावर आणि डोळ्यांवर. वर मी 'दहाव्या प्रतीचा' म्हटलं, त्या प्रतींचं नेमकं गणितही त्याचंच, १८५६ सालचं. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट, म्हणून एका प्रतीला २.५१२ पट.

आशिया खंडातून सापडलेला हा पहिला लघुग्रह, म्हणून त्यानं नाव ठेवलं आशिया. ग्रीक पुराणात याच नावाची एक टायटनकन्या आहे, त्यामुळे देवदेवतांची नावं देण्याचा तेव्हाचा रिवाजही सांभाळला गेला. पुढे मद्रासमधूनच त्याला सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि व्हेरा सापडले.

आशिया सूर्याभोवती ३.७७ वर्षांत फिरतो, आणि तेवढ्यात मंगळाच्या बरोबर दोन फेऱ्या होतात. दोघांची ही लय मला फार आवडते.

मागे कामानिमित्त चेन्नईला गेले होते, तेव्हा नुंगमबाक्कमला हवामान खात्याच्या आवारात जाऊन जुन्या वेधशाळेचा दगडी खांब पाहून आले. साल १७९२. वर तमिळ आणि तेलुगूतही मजकूर कोरलेला. आशियात गणिती शास्त्रं ब्रिटिशांच्या औदार्यानं रुजली, हे हजार वर्षांनंतरच्या लोकांनाही कळावं, असा हेतू तेव्हा लिहून ठेवलेला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला जाऊन भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख पाहिलेल्या मला ते वाक्य बोचलं. आजही बोचतं.

म्हणून मला पॉग्सनबरोबर चिंतामणी रघुनाथाचारींचं नाव घ्यावंसं वाटतं. ते याच वेधशाळेत सहायक होते. १८६७ मध्ये त्यांनी रेटिक्युलम या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला एक रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा तारा शोधला. १८७४च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून जाताना दिसण्याआधी, त्यांनी सामान्य लोकांसाठी पुस्तिका लिहिली, तीही देशी भाषांतून. आपल्या माणसांना आकाशात काय घडणार आहे ते आपल्या भाषेत कळावं, ही त्यांची धडपड मला कुठल्याही शोधाइतकीच मोलाची वाटते.

आशियाची पुढची प्रतियुती, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येण्याची वेळ, साधारण सोळा महिन्यांनी, म्हणजे जूनच्या तोंडावर येईल. पाऊस थांबला पाहिजे. भाच्यानं वहीत एक पान कोरं सोडून ठेवलंय.