गरम टायरची हवा सोडू नका

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल उचलणाऱ्या माझ्या दोन दहाचाकी गाड्या आहेत. पूर्वी एक मीच चालवायचो. कंबरेनं दगा दिल्यापासून दोन्हींवर ड्रायव्हर. एकाला सगळं मार्केट मामा म्हणतं, दुसरा त्यांचा सख्खा भाचा, पंचविशीतला. गेल्या एप्रिलची ही भानगड भाच्याची, आणि थोडी माझीही.

सिन्नरला पोचवायचा माल होता. ठाण्यात सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड गाड्यांना बंदी, त्यामुळं रात्र टळली की सुटायचं ते नेमकं भर दुपारी. मुंब्रा बायपास, खारेगाव, भिवंडी करत पोरगं पडघ्याला चहाला थांबलं आणि हवा बघितली. सकाळी ११० पाउंड भरलेली, काट्यावर १२५. उन्हानं टायर फुटेल म्हणून घाबरून त्यानं मागच्या आठही चाकांची हवा सोडली, परत ११० वर आणली. मला फोन करून सांगितलंसुद्धा. मी जेवत होतो. नीट न ऐकताच "बरं, बरं" म्हणालो.

रात्री गाडी थंड झाली, तशी हवा आणखी उतरली. शंभराच्याही खाली गेली असणार. सकाळी न बघता परतीला वाशी मार्केटसाठी कांदा भरला. दुपारी एकच्या सुमाराला शहापूरच्या अलीकडं जोडीतला आतला टायर फुटला. मडगार्ड फाटलं, ब्रेकच्या हवेचा पाइप तुटला, गाडी जागेवर उभी. माणूस वाचला, कांदा तीन तास उन्हात शिजला.

चालत्या गाडीत हवा वाढते ती वाढू द्यायची, टायर ते धरूनच बनवलेला असतो. फुटतो तो कमी हवेचा. त्याची बाजू दर फेऱ्याला दबते, घासते, आतून तापते आणि तारा सुटतात. हवा बघायची ती पहाटे, चाक हलायच्या आधी. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर असेल तर दुप्पट लक्ष. मामा अजून टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, टायरवर मारून आवाज ऐकतात. टणटण वाजला तर ठीक, बद्द वाजला तर खाली उतरलाय. जोडचाकात अडकलेला दगडही ते त्याच फेरीत काढतात. पण दहा-पंधरा पाउंडांचा फरक टॉमीला कळत नाही, त्याला काटाच लागतो.

कूलंट, फॅनबेल्ट, बॅटरीचं पाणी हे सगळ्यांना पाठ आहे. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजून घेणारे तरी दरवर्षी भेटतातच.

त्या दिवशी गाडीत पाण्याची बाटली होती एक, तीही अर्धी. विचारलं तर म्हणाला, "शेठ, लाइनीत लघवीला कुठं उतरायचं?" खरं आहे. न्हावा-शेवा बंदराच्या रांगेत गाडी सोडता येत नाही, म्हणून पोरं पाणीच पीत नाहीत. खाली इंजिन, वर पत्रा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, पण माझ्या गाड्या जुन्या. मामा पाच लिटरचा कॅन ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. त्यातल्या एका लिटरात सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. जोडीदार अंगानं तापून असंबद्ध बोलायला लागला तर थकवा समजू नका. सावलीत आडवा करा, मानेवर, काखेत गार पाणी मारा, १०८ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

भाच्याला मी हवेचा काटा घेऊन दिला. परवा पहाटे साडेचारला त्याचा फोन.

"शेठ, थंड हवा ११०. निघू का?"

"बरं" तोंडात आलं होतं. गिळलं. "कॅन भरला का?"

पलीकडं दार आपटल्याचा आवाज आला, मग नळाचा.