टकळीवर पश्म : दिवाळी ते संक्रांत

लेहला नोकरीला असलेला भाचा दिवाळीत कच्चं पश्म, म्हणजे पश्मिना शालीची बकरीची मऊ लोकर, घेऊन आला. ४० ग्रॅम, केसांसकट. पाकीट उघडलं आणि खरं सांगते, हिरमोड झाला. मळकट, चिकट, मधूनमधून राठ केस, वर बकरीचा वास. यापेक्षा आमच्या वावरातला सरकी काढलेला कापूस देखणा.

शनिवारी आमच्या ओसरीवर पाच-सहा पोट्टे टकळी (सूत कातायची हातानं फिरवायची चाती) शिकायला येतात. (समुद्रपूर तालुक्यातलं आमचं गाव, सेवाग्राम जवळ असल्यानं घरोघरी माळ्यावर एखादा मोडका चरखा निघतोच.) पहिलं काम त्यांच्याकडे दिलं, केस वेचण्याचं. जुन्या छत्रीचं काळं कापड पसरलं, त्यावर पांढरं पश्म. जाड केस चिमटीनं ओढायचा, मऊ तंतू सोडायचा. चार शनिवार गेले. ४० ग्रॅमचे १७ उरले. मुलांना वाटलं आपणच सांडलं. तसं नाही, तिकडेही एका बकरीचं विंचरून दोन-अडीचशे ग्रॅम निघतं आणि केस, मळ गेला की निम्म्याच्या आत येतं. एका शालीला दोन-तीन बकऱ्यांचं पश्म लागतं ते म्हणूनच.

वेचता वेचता प्रश्न सुरू झाले. सगळ्यात धाकटीनं विचारलं, "काकू, आपल्या बकरीले असं मऊ काऊन नाही येत?"

मग लडाखचं सांगितलं. चांगथांगचं पठार ४,००० मीटरच्याही वर, हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांवर जातो. तिथले चांगपा लोक बकऱ्या घेऊन चाऱ्यामागे फिरतात, तंबूत राहतात. त्या बकरीच्या अंगावर दोन थर असतात. बाहेरचे लांब केस म्हणजे ताडपत्री आणि आतलं पश्म म्हणजे गोधडी. उन्हाळा लागला की गोधडी आपोआप सुटायला लागते, तेव्हा ती फणीनं विंचरून काढतात. मेंढीसारखं कातरत नाहीत.

"मंग आपली बकरी फ्रिजमंधी ठेवली त?"

हा प्रश्न मला आवडला, कारण उत्तर मलाही नंतर कळलं होतं. गारठा लागला म्हणून पश्म उगवत नाही. मुळात जात तशी लागते. आणि त्या जातीतही बकरीचं अंग दिवस मोजतं. जूनमधला मोठा दिवस सरला, दिवस लहान होऊ लागले की आतली लोकर वाढायला लागते आणि डिसेंबरच्या शेवटापर्यंत वाढते. बर्फ पडायच्या आधीच तयारी सुरू. आपली बेरारी बकरी विदर्भाच्या उन्हातली, तिला गोधडी घेऊन करायचं काय?

"मंग फ्रिजचा लाइट बंद ठेवायचा ना," मागून आवाज आला. यावर मी चहा करायला उठले.

आता कताई. इथे आपल्यापैकी ज्यांचा हात कापसावर बसलाय त्यांनी नीट वाचा, कारण मी तीन संध्याकाळी वाया घालवल्या. पश्माचा तंतू १२ ते १५ मायक्रॉनचा, आपला केस त्याच्या चार-पाच पट जाड. पण कापसाचा तंतूही जाडीला साधारण पश्माइतकाच! म्हणून वाटलं, सोपं जाईल. कापसाच्या तंतूला मुळातच पीळ असतो, एकमेकांना धरून बसतात. पश्म गुळगुळीत, हात मागे घेतला की पीळ पोचायच्या आत तार सुटते. घट्ट पेळू (कातायला वळलेली पुंगळी) केला तर गाठी येतात. शेवटी पेळूच सोडला. फुगीर पुंजका बोटात सैल धरायचा, टकळीचं टोक वाटीत टेकवायचं, आधी पीळ चढू द्यायचा, मग ओढायचं. घाई केली की संपलं.

तरी तार तुटतच होती. काश्मीरमध्ये बायका कातायच्या आधी पश्माला तांदळाचं पीठ लावतात, हे ठाऊक होतं, पण करून पाहिलं नव्हतं. चिकटपणा पीठ ओढून घेतं. रात्रभर पिठात ठेवलं, सकाळी झटकून विंचरलं. फरक लगेच कळला, बोटाला तंतूंची पकड आली. घरभर पीठ उडालं आणि सासूबाई म्हणाल्या, "लोकर कातून राह्यली का भाकरी थापून राह्यली?"

पहिली लडी ३ ग्रॅमची. आणि तिची मी माती केली. सुताचा पीळ बसवायला लडी उकळायची, ही इतक्या वर्षांची सवय. उकळत्या पाण्यात टाकली, वरून पळीनं ढवळली. कापूस ओला झाला की बळकट होतो, लोकर ओली झाली की कमजोर होते, हे मुलांना तोंडपाठ सांगणारी मीच. पाच मिनिटांत लडीचा नमदा झाला, बोटभर घट्ट गोळा. तो धाकटीनं मागून नेला. त्यांच्या मांजरीला चेंडू म्हणून आवडलाय.

दुसरी लडी ४ ग्रॅमची, ८० मीटर भरली. कोमट पाण्यात नुसती बुडवली, हलवली नाही, टॉवेलात दाबून सावलीत टांगली. जाडी सगळीकडे सारखी नाही आणि काश्मिरी सुतापुढे ही सुतळीच. पण गालाला लावली तर कळतं. मुलांचे डोळे बांधून घोंगडीचा तुकडा, कापसाचं सूत आणि ही लडी हातावर फिरवली. घोंगडी सगळ्यांनी ओळखली. पश्माला दोघांनी "सशाचं पिल्लू" म्हटलं.

साडेनऊ ग्रॅम शिल्लक आहे. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून डब्यात बंद केलंय. पितळी चकतीची टकळी याला जड पडते, म्हणून सुताराकडून बांबूची हलकी करून घेतेय, चकती नारळाच्या करवंटीची. थंडी आहे तोवरच कातून घेईन. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत हे पश्म बोटाला चिकटून उभं राहील, आणि कूलरसमोर बसून कातता येत नाही, उडून जातं.