लोकर 3 किलो, भाडं 7.2 किलोचं
आज लुधियानाहून कोल्हापूरला आमचं लोकरीचं पार्सल आलं. माल जेमतेम 3 किलो आणि कुरिअरची पावती 7.2 किलोची! फोन केल्यावर हिशोब कळला. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि 5000 नं भागायचं. 40 × 30 × 30 चं खोकं म्हणजे 7.2 किलो. हा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त भरला की पैसे त्याचेच. लोकर पडली फुगीर, मार तिलाच बसणार.

लोकरीचे दर तर आधीच चढलेत. आपण विणतो ती बरीचशी लोकर मेंढीची नसतेच, अ‍ॅक्रिलिकची असते आणि अ‍ॅक्रिलिकचा कच्चा माल येतो पेट्रोलियमपासून. तेल भडकलं की लोकरीचा गुंडाही महागतो. लोक म्हणतात, इचलकरंजी हाकेच्या अंतरावर, सूत बाहेरून कशाला? अहो, ते कापड विणायच्या मागाचं बारीक सूत. त्याचा थंडीतला स्वेटर कसा विणणार?

गिऱ्हाईक मात्र जुनाच भाव मागतं. मग कापायचं कुठं? मजुरीत. आमच्या विणकाम गटातल्या एक काकू बाळाचं टोपडं इतकं सुबक विणतात, एक टाका इकडचा तिकडं नाही. लोकरीचे पैसे तरी निघावेत म्हणून यंदा त्यांनी स्वतःची मजुरी कमी केली. हे मला अजिबात पटत नाही. हातांचं मोल सगळ्यात शेवटी का?

पुढची ऑर्डर एकत्र देऊया. खोक्याऐवजी हवा काढलेल्या पिशवीत दाबून भरायला सांगते. राजारामपुरी, शाहूपुरी, कसबा बावडा, कुणाला हवी असेल तर रंग आणि वजन खाली लिहा.