नागाहामाचं जुनं स्टेशन, १:१५० : भिंती झाल्या, आता धक्का

जपानमधल्या नागाहामाच्या जुन्या रेल्वे स्टेशनचं मी मॉडेल करतोय, खऱ्याच्या दीडशेव्या भागाएवढं. मागच्या वेळी पुठ्ठ्यावरच्या आखणीपर्यंत आलो होतो. मधल्या अडीच महिन्यांत चारही भिंती उभ्या राहिल्या, कोपऱ्यांचे दगड बसले आणि एक निर्णय झाला, ज्यामुळे सगळ्या कामाचा आकारच बदलला. पाटावर आता सरोवरही येणार आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. नागाहामा हे शिगा प्रांतातलं, बिवा सरोवराच्या काठावरचं छोटं शहर. आजचं स्टेशन होकुरिकू लाइनवर आहे आणि तिथून थोडं चाललं की जुनं स्टेशन लागतं. हे १० मार्च १८८२ रोजी सुरू झालं. जपानमधली पहिली रेल्वे, तोक्योतलं शिंबाशी ते योकोहामा, १८७२ सालची. तिथली शिंबाशीची मूळ इमारत १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेली. नागाहामाची राहिली, आणि आज जपानमध्ये उभी असलेली ही सर्वांत जुनी स्टेशन-इमारत आहे. १९०३ मध्ये स्टेशन दुसऱ्या जागी हललं, तेव्हा ही पाडली गेली नाही. १९५८ मध्ये तिला रेल्वे-स्मारकाचा दर्जा मिळाला.

मी तिथे दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो. हातात मोजपट्टी नव्हती, म्हणून प्रत्येक खिडकीशेजारी माझी ८८ सेंटिमीटरची छत्री उभी करून फोटो काढले. सगळी मापं त्या छत्रीवरून निघालीत. इमारत साधारण साडेचोवीस मीटर लांब आणि पावणेदहा मीटर रुंद, म्हणजे माझ्याकडे १६३ बाय ६५ मिलिमीटर. हाताच्या पंजावर मावेल एवढी.

आता भिंती. ब्रिटिश इंजिनिअर होल्थम यांच्या आराखड्यावर बांधलेली ही दुमजली इमारत. कोपऱ्यांना ग्रॅनाइटचे घडीव दगड, दारं-खिडक्यांभोवती लाल विटा, आणि मधली भिंत चुन्याच्या काँक्रीटची, सुमारे अर्धा मीटर जाड. ही जाडी दाखवली नाही तर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, कारण खिडक्या भिंतीत खोल बसलेल्या आहेत आणि त्यांची सावलीच इमारतीला वजन देते. म्हणून एक मिलिमीटरच्या ग्रे बोर्डाचे तीन थर चिकटवले आणि वरून पुट्टीचा पातळ हात दिला. एकूण जाडी ३.३ मिलिमीटरच्या आसपास आली, आणि प्रमाणात तेवढीच हवी होती.

इथेच एक मोठी चूक झाली. पुट्टी फक्त बाहेरच्या बाजूने लावली. जुलैची हवा, त्यात पुट्टीतलं पाणी. सकाळी उठून बघतो तर लांब भिंत होडीसारखी वाकलेली. दाबून ठेवली, इस्त्री फिरवली, काही उपयोग झाला नाही. शेवटी ती भिंत टाकून नवीन केली. आता आधी दोन्ही बाजूंना पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात देतो, तो पूर्ण वाळला की दोन्ही बाजूंना एकाच वेळी पुट्टी लावतो आणि काचेखाली दोन दिवस ठेवतो. ही भिंत आजपर्यंत केसभरही हललेली नाही. पावसाळ्यात पुठ्ठ्यावर काम करणाऱ्यांनी हे नक्की करून बघा.

रंगालाही वेळ लागला. पांढरा रंग दिला की भिंत कालच डिस्टेंपर मारलेली वाटते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचा चुना ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना माहीत आहे की तो पांढरा नसतो. त्यात पिवळट, करडी छटा असते आणि ओल धरलेल्या जागी तो गडद होतो. पुट्टीतच चिमूटभर पिवळी माती आणि कोळशाची पूड मिसळली, वरून रंग दिलाच नाही. पॉलिश पेपर हलकेच फिरवल्यावर मधे मधे बारीक खडी दिसल्यासारखी दिसते. मला हा भाग सगळ्यांत जास्त आवडलाय.

कोपऱ्यांचे दगड म्हणजे कार्डाचे बारीक तुकडे, एक आखूड, एक लांब, आळीपाळीने. कंटाळवाणं काम, पण सरळ. पुढे जाऊ.

सरोवराचं असं झालं. मी इमारत एकटीच करणार होतो: पुढे अंगण, मागे एक रूळ, संपलं. पण भिंती उभ्या राहिल्यावर प्रश्न पडला. एवढ्याशा गावाला, तेही १८८२ मध्ये, सरकारने इतकी भारदस्त दुमजली इमारत का दिली? उत्तर पाण्यात आहे.

कोबेकडून क्योतोमार्गे आलेली लाइन १८८० मध्ये सरोवराच्या दक्षिण टोकाला, ओत्सूला पोचली होती. उत्तरेला समुद्रावरच्या त्सुरुगा बंदराकडून आलेली लाइन नागाहामाला संपत होती. मधे बिवा सरोवर. काठाने रूळ टाकायला पैसा लागणार होता, म्हणून मधला टप्पा पाण्यावरून करायचं ठरलं. १८८२ मध्ये तायको किसेन या कंपनीच्या आगबोटी नागाहामा आणि ओत्सूमध्ये सुरू झाल्या. जपानमध्ये आगगाडीला जोडलेली ही पहिली बोटसेवा. पुढच्याच वर्षी पोलादी बोटी आल्या. म्हणजे हे स्टेशन होतं आणि बंदरही. प्रवासी गाडीतून उतरायचा तो बोटीत चढायला.

हे लक्षात आल्यावर धक्क्याशिवाय ती इमारत अर्धीच वाटायला लागली.

मग साल ठरवायचं होतं. त्सुरुगाची लाइन सुरू झाली तेव्हा वाटेतल्या डोंगरातला यानागासेचा बोगदा पुरा झालेला नव्हता. तेवढी खिंड लोक पायी ओलांडत आणि पलीकडे पुन्हा गाडीत बसत. १,३५२ मीटरचा तो बोगदा एप्रिल १८८४ मध्ये खुला झाला, तेव्हाचा जपानमधला सर्वांत लांब. त्याच वर्षी मे महिन्यात पूर्वेकडची लाइन सेकिगाहाराच्या पुढे ओगाकीपर्यंत गेली. म्हणून मी जून १८८४ धरलाय. उत्तरेची गाडी, पूर्वेची गाडी आणि दक्षिणेची बोट, तिन्ही या एका इमारतीपाशी भेटतात असा काळ. तो फार टिकला नाही. १ जुलै १८८९ रोजी सरोवराकाठची लाइन पुरी झाली, तोकाइदो लाइन सलग झाली आणि ओत्सूच्या जोडबोटींची गरजच संपली. पाच वर्षांची गोष्ट आहे, आणि मला तीच मांडायची आहे.

रुळांबद्दल एक अडचण, जाणकारांना माहीत असलेली. जपानचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,०६७ मिलिमीटर, आपल्या मीटरगेजपेक्षा जेमतेम ६७ ने जास्त. १:१५० मध्ये ते ७.१ मिलिमीटर होतं, पण बाजारात मिळणारा एन गेजचा (मॉडेल-रेल्वेच्या एका ठरलेल्या मापाचा) रूळ ९ मिलिमीटरचा. गाडी चालवायची असेल तर हा फरक पोटात घालावा लागतो. इथे गाडी उभीच राहणार आहे, तेव्हा मी रूळ हाताने ७.१ वर टाकतोय. पहिला वीस सेंटिमीटरचा तुकडा झाला. त्याच्या शेजारी ९ चा ठेवून बघितला आणि ठरवलं की हेच बरोबर. जुन्या नागाहामाचा एक सांधाही, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा भाग, तिथे जपून ठेवलाय, जपानमधला सर्वांत जुना उरलेला. त्याचे फोटो समोर ठेवून तसाच एक करायचा विचार आहे.

धक्क्याचं काम सुरू केलंय. बिवा गोड्या पाण्याचं, तिथे भरती-ओहोटी नाही. आपल्या कोकणातल्या धक्क्यांसारख्या उंच भिंती आणि पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या इथे नकोत. फळ्या पाण्याच्या जवळच ठेवता येतात. मी त्या पाण्यापासून ६ मिलिमीटरवर ठेवल्यात, म्हणजे खऱ्यात ९० सेंटिमीटर. खांबांना अगरबत्तीच्या काड्या वापरल्या, मसाला खरवडून. पाण्याच्या रेषेपाशी त्यांना शेवाळी रंगाचा एक बारीक पट्टा दिला.

पाण्यासाठी प्लायवर गडद हिरवट-निळा रंग आणि वर व्हार्निशचे पातळ हात देतोय. पाच तरी लागतील. दोन झाले, तिसरा आज सकाळी दिला. वाळेपर्यंत पाटावर पातेलं उपडं घालून ठेवलंय, धूळ बसू नये म्हणून.

बोटीचं अजून काही ठरलेलं नाही. १८८० च्या दशकातल्या तळ्यातल्या आगबोटीचा बाजूचा आराखडा कुणाकडे असेल, अगदी हाताने काढलेला असला तरी चालेल, तर पाठवा.