डिस्प्लेतला बूट

‘सेल्समनने विक्री पूर्ण करण्याचा प्रयत्न केला का?’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’वर टिचकी मारली आणि खालची चौकट उघडली : कारण लिहा. आमच्या कामात ‘हो’ला काही लागत नाही, पण प्रत्येक ‘नाही’चा हिशेब द्यावा लागतो. या एका ‘नाही’चा हिशेब द्यायला मध्यरात्र उलटली, आणि तो नीट लागला असं मला अजून वाटत नाही.

मी मिस्टरी शॉपर आहे. फोंड्याला हिशेबाची कामं सांभाळून फावल्या वेळात हे करतो. गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायचं, कंपनीने दिलेलं सोंग वठवायचं, बिल घेऊन बाहेर पडायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत इंग्रजीतून रिपोर्ट पाठवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, मजा आहे, फुकटात खरेदी. दुकानात अर्धा तास जातो, मग घरी येऊन टायपिंगला अख्खी रात्र, हे कुणी विचारत नाही. गुण हो-नाहीच्या खुणांवरून पडतात. ते का पडले ते कळतं खालच्या वर्णनावरून, आणि तेच प्रत्येक वेळी नवं लागतं.

सगळे घसरतात ते इथेच. ‘सेल्समनने हसतमुखाने स्वागत केले’ हे वाक्य मी स्वतःवर बंद करून घेतलंय. ते कुठल्याही दुकानाला चालतं, म्हणजे कुठल्याच दुकानाबद्दल काही सांगत नाही. ‘छान’, ‘नम्र’, ‘मला वाटलं’ यांना तशीही मनाई असते. नम्र होता म्हणजे केलं काय, ते लिहा. उठून उभा राहिला? हातातला फोन खाली ठेवला? माझी सुरुवात त्या दिवशीच घडलेल्या एखाद्या गोष्टीवरून होते, बाकीचं वर्णन तिच्या मागोमाग येतं. उलट संध्याकाळी तीन-तीन दुकानं उरकणारी कॉलेजची पोरं जुना मजकूर चिकटवतात. एकाने गोव्यातल्या दुकानाच्या रिपोर्टात, जुलै महिन्यात, ‘बाहेरच्या पार्किंगमध्ये धूळ होती’ असं लिहिलं होतं. आमच्या एडिटरबाईंनी तो रिपोर्ट परत धाडला, पैसेही अडकले. मला तरी वाईट वाटलं नाही.

तर, पणजी, अठरा जून रस्ता, जुलैतलीच एक संध्याकाळ. पाऊस असा की कदंबच्या बसमधून उतरून दुकानाच्या दारापर्यंत जाताना छत्री असून नसल्यासारखी. सोंग होतं : ऑफिससाठी चामड्याचे काळे बूट हवे असलेला, घ्यायच्या तयारीतला, पण किमतीवरून एकदा का-कू करणारा गिऱ्हाईक. बूट घेतलेच पाहिजेत असं नव्हतं, पण दुकानातलं काहीतरी घेऊन बिल आणायचं होतं. खिशातल्या फोनवर स्टॉपवॉच चालू केलं आणि आत शिरलो.

दाराशी छत्र्यांसाठी निळी बादली होती. सेल्समनने माझी छत्री स्वतः घेऊन तिच्यात ठेवली. पन्नाशीपुढचा, बुटका, जाड काचांचा चष्मा, शर्टाला बॅज. दीड मिनिटाच्या आत विचारपूस झाली, म्हणजे पहिला ‘हो’. त्याने मला बसवलं, पाय मोजायच्या पट्टीवर दोन्ही पाय मोजले. एकच पाय मोजून मोकळे होणारेच जास्त, आणि दोन पायांत थोडा फरक बहुतेकांच्या असतो. बूट चढवल्यावर उभं राहायला लावलं, अंगठ्याने पुढचं टोक दाबून पाहिलं, चालवलं, टाच सुटते का ते खाली वाकून बघितलं. असं काम बघायला मिळालं की मला लिहायचा हुरूप येतो. मनातल्या मनात परिच्छेद जुळायला लागले होते.

मग त्याने विचारलं, ‘रोज घालणार? स्कूटरवरून?’

म्हटलं, हो.

तो उठला, काचेमागच्या डिस्प्लेतला एक बूट घेऊन आला आणि जिभेखालच्या शिवणीवरून अंगठा फिरवून माझ्यासमोर धरला. अंगठ्यावर पांढुरकी पूड. बुरशी. ‘बाबा, खरं सांगू? हा इथे एसीत आहे, तरी ही गत. पावसांत हें घेवं नाकात. चतुर्थी होऊं दी, मग या.’ म्हणजे पावसात हे घेऊ नका, गणेश चतुर्थी होऊ दे, मग या. वर बुटाचा तळ वाकवून दाखवला : हा शिवलेला नाही, चिकटवलेला आहे, रोज भिजला तर सुटणार. आत्ता रबरी चप्पल वापरा, म्हणाला.

गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हवेतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिला की चामड्यावर बुरशी धरते, आणि इथे पावसाळाभर तो त्याच्या वरच असतो. आमच्या घरात पट्टे, पाकिटं, सगळं दर पंधरवड्याला पुसावं लागतं. त्या माणसाचं चुकलं कुठे? मी मोज्यांचा एक जोड घेतला, बिल घेतलं, बाहेर पडलो.

रात्री प्रश्न समोर आले. महागडा पर्याय दाखवला का? नाही. विक्री पूर्ण करण्याचा प्रयत्न? नाही. डिस्प्लेतला माल स्वच्छ होता का? हासुद्धा नाही, आणि तो पुरावा त्याने स्वतःच्या अंगठ्यावर आणून मला दाखवला होता. जे पाहिलं ते खोडायचा अधिकार मला नाही. बॅजवरचं नाव लिहायची वेगळी चौकट असते, तीही भरली.

या धंद्याला अमेरिकेत 1940 च्या दशकात हे नाव पडलं. नोकर गल्ल्यातून पैसे तर मारत नाहीत ना, हे गुपचूप बघणं हे तेव्हाचं मुख्य काम. म्हणजे मूळ पारख प्रामाणिकपणाचीच. आज माझ्यापुढच्या फॉर्मात त्या माणसाच्या प्रामाणिकपणासाठी एकही चौकट नव्हती, आणि जिथे जिथे तो खरं बोलला तिथे तिथे त्याचे गुण गेले.

मी त्याचे शब्द जसेच्या तसे, क्रमाने लिहिले. स्कूटरचा प्रश्न, अंगठा, शिवण, तळ. विशेषण एकही नाही. सकाळी रिपोर्ट परत आला. एडिटरबाई दिल्लीकडे बसतात. त्यांचं म्हणणं, बुरशीचा भाग ‘अंदाज’ वाटतो, काढा; आणि ‘सेल्समनने गिऱ्हाइकाला खरेदीपासून परावृत्त केले’ असं एका वाक्यात स्पष्ट करा. बाई कामाला चोख आहेत, माझी इंग्रजी त्यांनीच सुधारली, पण त्यांच्या कपाटात पट्ट्यांना बुरशी येत नाही. मी उत्तर दिलं : पूड मी पाहिली, हा अंदाज नव्हे, आणि त्याने ‘घेऊ नका’ म्हटलं नाही, ‘आत्ता घेऊ नका’ म्हटलं, कधी यायचं तेही सांगितलं. बरीच ओढाताण झाली. शेवटी त्यांचं वाक्य गेलं, माझं राहिलं. गुण मात्र खुणांवरून पडतात, ते होते तेवढेच राहिले.

हवामानाला साजेसा सल्ला दिला का, असा एक प्रश्न घाला, असं मी सूचनांच्या रकान्यात लिहून पाहिलं. प्रश्नावली देशभर एकच असते, असं उत्तर आलं. मानधन वेळेवर जमा झालं.

आता चतुर्थी तोंडावर आली आहे. बूट मला खरंच हवे आहेत, पण नियमाप्रमाणे काही महिने मला त्या दुकानाची पायरी चढता येत नाही. भावाला पाठवणार आहे. त्याचा आणि माझा पाय एकाच मापाचा. पाय मोजायला जाड चष्म्याचा माणूसच आला का, तेवढं बघून ये, असं त्याला सांगितलंय. का, ते सांगितलेलं नाही.