दहा रुपयांचे गांधी: तिकीट बरोबर, सर्टिफिकेट भलतंच

कोऱ्या (न वापरलेल्या) दहा रुपयांच्या गांधी टपाल तिकिटाची तपासणी जवळपास उरकली. तिकीट अस्सल वाटतंय, पण सोबत आलेलं सर्टिफिकेट, म्हणजे तिकिटाचा फोटो लावलेला तज्ज्ञाचा अस्सलपणाचा दाखला, त्याचं नाही.

नव्याने नाद लागलेल्यांसाठी: १५ ऑगस्ट १९४८ ला दीड आणे, साडेतीन आणे, बारा आणे आणि १० रुपये असा संच निघाला. छपाई स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए या छापखान्याकडे, फोटोग्रॅव्ह्युरने (कोरलेल्या बारीक खड्ड्यांतल्या शाईने). नकली माल १० रुपयांचाच जास्त फिरतो, कारण उघड आहे.

भिंगाखाली चेहऱ्यावरची सावली सलग गडद होत जाते. ऑफसेटच्या नकलेत तिथे लहानमोठे ठिपके दिसतात. 'बापू' या अक्षरांच्या कडा किंचित करवती दिसल्या तर लगेच घाबरू नका. ग्रॅव्ह्युरमध्ये अक्षरंही जाळीतूनच छापली जातात. कडेचे दाते मोजायच्या गेजवर (पट्टीवर) चारही बाजूंना ११½ भरले, म्हणजे दोन सेंटिमीटरमागे साडेअकरा, हवे तेवढेच. यूव्ही दिव्याखाली कागद मंदच राहिला. तो निळसर-पांढरा चमकला असता तर पुढे बघायची गरजच नव्हती, कारण अशी चमक आणणारी द्रव्यं कागदात सर्रास आली ती नंतर. दात्यांची टोकं मऊ आहेत, तंतू मोकळे आहेत. मागाहून गोंद चढवला की ती टोकं कडक होतात, म्हणजे इथे तसं केलेलं दिसत नाही.

आता सर्टिफिकेट. त्यावरच्या फोटोत डाव्या कडेचा, खालून तिसरा दाता आखूड आहे. माझ्या तिकिटावर तोच दाता पूर्ण आहे. उलटं असतं तर चाललं असतं, हाताळताना दाता तुटतोच. तुटलेला परत कसा येणार? ती कड कापून नवी छिद्रं पाडली असती तर रुंदी कमी भरली असती. ती बरोबर आहे. शिवाय फोटोत चित्र उजवीकडे सरकलेलं आहे, माझ्यात जवळपास मधोमध. कोऱ्या तिकिटावर शिक्का नसतो, म्हणून ही अदलाबदल सहज खपते. सर्टिफिकेट हातात आलं की आपण नंबर आणि सही बघतो, फोटो बघतच नाही.

विकणाऱ्याला दोन्हींचे स्कॅन पाठवलेत. तिकीट ठेवायचं ठरलं तर नवं सर्टिफिकेट काढेन, आणि भाव बिनइतिहासाच्या प्रतीचाच देईन.

कुणाच्या प्रतीला डावीकडचा खालून तिसरा दाता आखूड असेल तर कळवा. हे सर्टिफिकेट बहुधा तिचं आहे.